खिशातले तीन फ्यूज

माझ्या आजाराचं नाव कळलं तो दिवस मला आठवत नाही. तो मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला आठवतो. त्यामुळे सुरुवातीचा भाग तिला विचारून लिहिलाय. मधेमधे ती "असं नव्हतं, असं होतं" म्हणाली, तिथं मी खोडून तिचं घेतलंय. वाद घालायला माझ्याकडं पुरावा नाही.

मी वीज कंपनीत लाईनमन आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या एका गावात राहतो. आजूबाजूची सात गावं माझ्याकडं आणि माझा जोडीदार गजानन याच्याकडं. बावीस वर्षं खांबावर चढलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कराच्या दिवशी, मला ताप आला. ताप कुणाला येत नाही म्हणून मी गोळी घेऊन ड्युटीवर गेलो. तिसऱ्या दिवशी मी मंदाला विचारलं, "माही सायकल कुठी ठेवली?" सायकल विकून बारा वर्षं झाली होती. तिला वाटलं, मी मस्करी करतोय. मग मी अंगणात उभा राहून ओरडायला लागलो की ड्युटीला उशीर होऊन राह्यला. ड्युटी कुठली, तर मेहकरची. तिथून माझी बदली होऊन दहा वर्षं लोटली होती.

गजाननानं मला जीपमध्ये घातलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासून लगेच संभाजीनगरला पाठवलं. तिथं मेंदूच्या डॉक्टरांनी मंदाला खुर्चीवर बसवून सांगितलं, की विषाणूमुळे मेंदूला सूज आली आहे.

"वाचतीन का?" मंदानं विचारलं.

"वाचतील. वेळेवर आणलंत. पण काही आठवणी जातील. नव्या गोष्टी लक्षात राहायला त्रास होईल."

"हातपाय चालतीन ना?"

"हातपायांना काही होणार नाही."

मंदा सांगते, ते ऐकून तिच्या जिवात जीव आला. लाईनमनच्या बायकोला हातापायांचीच भीती असते. आमच्यातले दोघं जण करंट लागून हात गमावून बसलेले तिनं पाहिले होते. तिनं बाहेर येऊन गजाननला सांगितलं, "हातपाय शाबूत हायेत. बाकी पाहून घेऊ." पुढं सगळा घोळ त्या शाबूत हातापायांनीच घातला, पण ते तिला तेव्हा कसं कळणार.

तू कवा आली

एकवीस दिवस दर आठ तासांनी शिरेतून औषध. सकाळी नर्स यायची आणि तीन प्रश्न विचारायची. नाव काय, महिना कोणता, आपण कुठं आहोत. नाव मी बरोबर सांगायचो. महिना अंदाजानं. जागा विचारली की म्हणायचो, मेहकरचं सबस्टेशन. नर्स हसायची. मला राग यायचा, पण कशाचा राग आला हे पाच मिनिटांत विसरून जायचो, त्यामुळे भांडण काही झालं नाही.

मंदा बाथरूमला जाऊन आली की मी आनंदानं विचारायचो, "तू कवा आली?" एका सकाळी मी हे नऊ वेळा विचारलं. आठ वेळा तिनं नीट उत्तर दिलं. नवव्या वेळी ती उठली आणि पाण्याच्या कूलरमागं जाऊन रडली. शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्या गृहस्थांना ठेवलं होतं. त्यांच्या बायकोनं ते पाहिलं आणि मंदाला म्हणाली, "जाय पोरी, खाली जाऊन च्या पिऊन ये. त्याईनं विचारलं तं मी सांगते, आत्ताच येऊन गेली म्हनून." त्या बाईंचं नाव मंदानं कधी विचारलं नाही, याची तिला अजून चुटपुट आहे.

औषधाच्या गोळ्यांची एक बाटली होती. झाकण नुसतं फिरवून उघडायचं नाही, आधी दाबायचं आणि मग फिरवायचं, लहान मुलांनी उघडू नये म्हणून तसं केलेलं. पहिल्या दिवशी ती उघडताना मी दहा मिनिटं झगडलो आणि शेवटी बाटली बनवणाऱ्याला शिव्या दिल्या. आठवड्यानं डॉक्टरांनी तीच बाटली हातात दिली. मी म्हणालो, "ही कायची बाटली हाय? मी पयल्यांदाच पाहून राह्यलो." आणि बोलता बोलता झाकण उघडून त्यांच्या हातात ठेवलं.

डॉक्टर खूश झाले. मंदा मात्र घाबरली. जे माणसाला ठाऊक नाही ते त्याच्या हाताला ठाऊक आहे, हे तिला भूतबाधेसारखं वाटलं.

दुसरा प्रकार तंबाखूचा. तीन वर्षांपूर्वी मी तंबाखू सोडली होती. सोडल्याचं साफ विसरलो. पण जेवण झालं की हात डाव्या खिशाकडं जायचा, तिथं डबी नाही म्हटल्यावर मी मंदाकडं संशयानं बघायचो. ती म्हणायची, "तुमीच सोडली." मला ते पटायचं नाही. आपण इतके शहाणे असू, असं मला वाटत नव्हतं.

आणि एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पहिल्या दिवसांत माझ्या कमरेतून सुईनं पाणी काढलं होतं. ते मला अजिबात आठवत नव्हतं. पण तो दारात दिसला की मी सरकत सरकत जाऊन पाठ भिंतीला चिकटवून बसायचो. मंदा विचारायची, "काऊन हो, काय झालं? कोन हाय तो?" मी म्हणायचो, "मले काय मालूम कोन हाय. पन तो चांगला मानूस नाई." तो पोरगा बिचारा फार सज्जन होता. घरी जाताना मला द्यायला त्यानं पेरू आणले, तेही मी लांबूनच घेतले.

एका सबस्टेशनच्या पाच लाईनी

घरी सोडायच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं आणि मंदाला ते लिहून घ्यायला लावलं. म्हणून ते माझ्याजवळ आहे. ते म्हणाले, आठवण म्हणजे एकच पेटी नसते. घडलेले प्रसंग एका ठिकाणी राहतात. माहिती दुसरीकडं, म्हणजे मुंबई महाराष्ट्रात आहे, आगीनं भाजतं, असलं. हातानं शिकलेलं काम तिसरीकडं. भीती आणखी वेगळीकडं. आत्ता ऐकलेला फोन नंबर लिहून होईपर्यंत धरून ठेवणारी जागा तर अगदीच लहान असते, तिथं पाचसात आकडे मावतात आणि लगेच सांडतात.

मला हे पटकन समजलं, कारण आमच्या सबस्टेशनचंही तसंच आहे. एकाच ठिकाणाहून गावठाणाची लाईन वेगळी निघते, शेतीपंपांची वेगळी, पाणीपुरवठ्याची वेगळी. शेतीची ट्रिप होऊन बंद पडली तरी गावात टीव्ही चालू असतो. माझी प्रसंगांची लाईन जळाली होती. मागची सुमारे चार वर्षं गेली होती आणि नवीन काही टिकत नव्हतं. बाकीच्या लाईनी चालू होत्या. बाहेरून बघणाऱ्याला घरात दिवे दिसायचे, त्यामुळे लोक म्हणायचे, "प्रल्हादभाऊ तं एकदम फस्क्लास झाले." हा या आजाराचा सगळ्यात मोठा ताप आहे. पाय मोडला तर प्लास्टर तरी दिसतं.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली. जे घडेल ते तेव्हाच लिहायचं आणि रोज सकाळी उठल्यावर आधी कालची पानं वाचायची. "नंतर लिहितो" हा शब्द मला बंद केला. मंदानं वहीला सुतळीनं पेन बांधून दिला. हा लेख त्या वह्यांवरून लिहिलाय. सध्या पाचवी चालू आहे.

पाठवणी

गेलेल्या चार वर्षांत माझ्या मुलीचं, वैशालीचं लग्न होतं.

आम्हाला ती एकच. तिला देऊळगाव राजाला दिली आहे. मी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा ती नवऱ्याबरोबर आली, आणि मी जावयाकडं बघून मंदाला विचारलं, "हे कोन पाव्हने?" जावई समंजस आहेत, त्यांनी नमस्कार करून स्वतःचं नाव सांगितलं. वैशाली आत निघून गेली.

रात्री मंदा म्हणाली, "तिच्यासाठी तरी हाव म्हना. आठवलं म्हना." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लग्नाचा व्हिडिओ दाखवला. फेटा बांधलेला मी इकडून तिकडं पळतोय, मंडपवाल्याला हातवारे करून काहीतरी सांगतोय. पाठवणीच्या वेळी वैशालीला जवळ घेऊन मी तिच्या कानात बोलतोय आणि ढसाढसा रडतोय. मी ते एखाद्या ओळखीच्या माणसाकडचं लग्न पाहावं तसं पाहिलं. मग म्हणालो, "आठवलं बाई. सगळं आठवलं."

वैशाली माझ्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "मंग सांगा बाबा, माह्या कानात काय म्हनले होते?"

व्हिडिओत तिथं सनईचाच आवाज होता. खोटं पकडलं गेल्याची लाज वाटली आणि त्याहून जास्त दुःख झालं. पोरीच्या लग्नाच्या दिवसासाठी माणूस वीस वर्षं जगतो, आणि तो दिवस माझ्याकडं नव्हता. मी तिच्यासमोर रडलो. तीही रडली. मग तिनंच सांगितलं, "तुमी म्हनले होते, तिकडं गेल्यावर पयले मेन स्विच कुठी हाय ते पाहून ठेव."

आम्ही तिघंही रडता रडता हसलो. वैशाली म्हणाली, "राहू द्या बाबा. मले आठवते ना. मी ठेवते आठवून." तेव्हापासून मी तिच्याशी आठवणीबाबत कधी खोटं बोललो नाही. हा आजार ज्यांच्या घरात आहे त्यांना मी एवढंच सांगेन, की आठवल्याचं नाटक करू नका. आपलं माणूस ते ओळखतंच.

हलकं काम

संक्रांतीनंतर कंपनीनं मला हलकं काम दिलं. धाडच्या ऑफिसात बसून तक्रारी लिहून घ्यायच्या. मला ते काम जिवावर यायचं. बावीस वर्षं मी लोकांना मान वर करून बघायला लावलं होतं, आणि आता खुर्चीत बसून "हो, लिहून घेतलं" म्हणत होतो. तिकडं गजानन सात गावं एकटा सांभाळून थकला होता. रोज विचारायचा, "भाऊ, कवा येता वापस?"

खांब ही माझी पोटापाण्याची गोष्ट होतीच, पण नुसती तेवढी नव्हती. खांबावर मी पूर्ण माणूस असतो असं मला वाटायचं. खाली सगळे मला सांभाळून घेत होते.

होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. बरीच सुधारणा होती. सकाळचं संध्याकाळपर्यंत थोडंफार टिकायला लागलं होतं, कधी टिकायचं, कधी नाही. कागदावरच्या परीक्षेत मी पास झालो. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तुम्हाला लाईनवर घेतो." ही तारीख मी वहीत तीन वेळा लिहिली आहे. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आहे.

आता फ्यूजचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. गावात काम करताना आम्ही आधी डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी जातो आणि त्या लाईनीचे तीन फ्यूज उपसतो. फ्यूज म्हणजे चिनी मातीची पांढरी पकड, आत तार. ते तिथं ठेवायचे नाहीत. ठेवले तर पंपासाठी घाईला आलेला कुणीतरी येऊन परत लावून टाकतो आणि वर आमचा माणूस मरतो. म्हणून फ्यूज आपल्या खिशात घालायचे आणि मग खांबावर चढायचं. नियमाप्रमाणं वर गेल्यावर टेस्टर लावून बघायलाच हवं. खरं सांगतो, आमच्यातले बरेच जण लावत नाहीत. मीही लावत नव्हतो. फ्यूज माझ्या खिशात आहेत म्हणजे लाईन बंद आहे, विषय संपला.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी मंदाला बजावलं होतं, की माझ्या खिशातल्या फ्यूजला हात लावायचा नाही. कधी अर्धवट काम सोडून मी जेवायला घरी यायचो. तेव्हा फ्यूज खिशात असायचे. तिनं ते इकडंतिकडं ठेवले असते तर गोंधळ झाला असता.

सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी गजानन मला सोबत म्हणून एका मळ्यातल्या डीपीवर घेऊन गेला. त्यानं तडकलेले तीन फ्यूज काढले, नवे बसवले आणि जुने माझ्याकडं दिले. म्हणाला, "फेकून द्या भाऊ कुठी." मी ते खिशात घातले. संध्याकाळी मंदानं पँट धुवायला काढली. खिशातले फ्यूज तिनं भिंतीतल्या देवळीत ठेवले, आणि सकाळी वाळलेली पँट मला देताना आठवणीनं परत त्याच खिशात घातले. बावीस वर्षांचा माझा हुकूम तिनं पाळला.

शनिवार

शनिवारी सकाळी शेजारच्या सुनंदाकाकू आल्या. त्यांच्या घरची लाईट रात्रीपासून नव्हती. "गजानन दुसऱ्या गावाले गेला म्हने. भाऊ, तुमी पाहता का जरा? वायर खांबावरून निसटल्यावानी दिसते."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण सोमवार दोन दिवसांवर होता आणि मंदा नदीवर गेली होती. मी खांबावर चढायचा पट्टा बाहेर काढला, पक्कड घेतली आणि काकूंच्या दारातल्या खांबापाशी गेलो.

खांबाच्या बुडाशी उभा राहिलो आणि विचार केला, डीपी बंद केली का? आठवेना. आठवत नाही तेव्हा मी अंदाज बांधायला शिकलो होतो. चहाचा कप उष्टा आहे, म्हणजे मी चहा घेतला असणार. चप्पल ओली आहे, म्हणजे मी बाहेर जाऊन आलो असणार. सात महिने मी असाच जगत होतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. मी खिशात हात घातला. तीन फ्यूज होते. म्हणजे मी डीपीवर जाऊन आलो असणार.

मी चढलो. हातापायांना काही विचारावं लागलं नाही. पट्टा अडकवला, पाय रोवले, अंग मागं टाकलं. वर गेल्यावर इतकं बरं वाटलं, की आजारपण खालीच राहिलं असं वाटलं. काकूंच्या घराची वायर खरंच निसटली होती. मी पक्कड डाव्या हातात घेतली आणि उजवा हात तारेकडं नेला.

तेवढ्यात खाली पिठाची गिरणी सुरू झाली.

गिरणी काकूंच्या घराला लागूनच आहे. रोज सकाळी आठला मालक शटर वर करतो आणि मोटर चालू करतो. मी तो आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात, अगदी शांतपणे, एक वाक्य आलं. गिरणीची वायर याच खांबावरून गेली आहे.

डीपी बंद असती तर गिरणी चालली नसती.

माझा हात तारेपासून एक वीत लांब होता. मी तो मागं घेतला. छातीशी धरला. नंतर किती वेळ मी तसाच खांबाला मिठी मारून होतो ते माहीत नाही. मग खाली उतरलो. काकू म्हणाल्या, "झालं का भाऊ?" मी म्हणालो, "सामान नाई. गजाननले पाठवतो."

मी शुद्धीत होतो, हात पटाईत होते. जी गोष्ट मी केलीच नव्हती, ती केल्याचा पुरावा मात्र माझ्या खिशात होता. आणि मला वाचवलं ते कसल्या हुशारीनं नाही. गिरणीची वायर कुठून जाते, एवढी एक साधी माहिती माझ्याकडं शिल्लक होती, म्हणून मी आज हे लिहितोय.

कोरं पान

घरी येऊन मी ओट्यावर बसलो. वही मांडीवर घेतली आणि पेन उघडला. आणि लिहिलं नाही.

कुणी पाहिलं नव्हतं. काकूंना काही कळलं नव्हतं. मी लिहिलं नाही तर संध्याकाळपर्यंत, फार तर उद्यापर्यंत, ही गोष्ट जगातून नाहीशी होणार होती. सोमवारी मी स्वच्छ मनानं साहेबांपुढं उभा राहिलो असतो. खोटं बोलावंही लागलं नसतं. आठवण धड असलेल्या माणसाला आपली चूक लपवायला किती त्रास होतो. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं.

बसूनही राहिलो. गिरणी चालू होती. तिचा पट्टा फटफट वाजत होता. मला वैशालीची आठवण आली, म्हणजे तिच्या त्या प्रश्नाची, जो प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय म्हणून मला रोज सकाळी वाचायला मिळतो. मग मी लिहायला सुरुवात केली. साडेतीन पानं आहेत. पहिली ओळ अशी आहे: "प्रल्हाद, तू खांबावर चढू नको. हे तुझंच अक्षर आहे."

लिहू की नको असं वाटलं, तेही त्याच पानांवर आहे.

मंदा नदीवरून आली तेव्हा मी वही तिच्यापुढं केली. तिनं वाचलं. धुण्याची बादली तशीच ठेवून ती खाली बसली. म्हणाली, "म्याच घातले होते ते वापस. माह्याच हातानं."

"तुहं काय चुकलं? मीच तं शिकवलं होतं."

"मी इचारलं काऊन नाई? तुमी ड्युटीवर नाई, मंग फ्यूज कायचे?"

त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला नाही. काकूंकडून भाकरी आल्या. काकूंना वाटलं आमचं भांडण झालंय, आणि त्यांनी मला दोन शब्द सुनावले.

सोमवार

दोन दिवसांनी सकाळी उठून मी नेहमीप्रमाणे वही वाचली. शनिवारची पानं, बहुधा रविवारीही वाचलेली, वाचताना मला आधी हसू आलं. मला वाटलं, कुणीतरी लाईनमनला घाबरवायला गोष्ट रचली आहे. त्यातलं मला काहीच आठवत नव्हतं. मंदाकडं पाहिलं. तिनं मान डोलावली. मग मी मंदानं परत देवळीत ठेवलेले तीन फ्यूज घेतले आणि ऑफिसला गेलो.

साहेब ऑर्डर काढून बसले होते. मी फ्यूज त्यांच्या टेबलावर ठेवले आणि वही उघडून दिली. त्यांनी पूर्ण वाचलं. ते पुण्याकडचे आहेत, तरुण आहेत, पण ऐकून घेणारे आहेत.

"डॉक्टरांनी तर फिट दिलंय तुम्हाला."

"डॉक्टरनं खुर्चीवर बसून दिलं साहेब. खुर्चीवर मी फिटच हाय."

त्यांनी एक फ्यूज उचलून बघितला. मग म्हणाले, "हे तुम्ही नसतं दाखवलं तर मला कळलंही नसतं."

"मलेबी नसतं कळलं," मी म्हणालो.

मला वाईट वाटलं का, तर हो. फार वाटलं. ऑफिसच्या मागं जाऊन मी एकटाच रडलो. बावीस वर्षांचा पट्टा मी गजाननला दिला. तो घेत नव्हता. "तुमचा हाय, राहू द्या," म्हणत होता. मी म्हणालो, "घे बे. माह्या घरी राह्यला तं मी परत बांधीन." तेव्हा त्यानं घेतला.

आता मी तक्रारी लिहून घेतो. प्रत्येक तक्रार लगेच, ऐकता ऐकता. ऑफिसात माझ्याइतकी नीट नोंद कुणाचीच नसते. नवीन भरतीची मुलं आली की साहेब त्यांना माझ्यापुढं बसवतात. मी ते तीन फ्यूज टेबलावर ठेवतो आणि सांगतो, खिशात फ्यूज असले तरी वर गेल्यावर टेस्टर लावा. मुलं विचारतात, "भाऊ, तुमच्यासोबत झालं होतं का असं?" मी म्हणतो, झालं होतं असं लिहिलेलं आहे.

शनिवारचं मला आजही आठवत नाही. खांब नाही, तार नाही, काकूंचं दार नाही. पण आमच्या घरापासून गिरणी चाळीस पावलांवर आहे आणि रोज सकाळी आठला ती सुरू होते. तिचा पट्टा वाजायला लागला की माझा उजवा हात, त्यात कप असो की फोन, झटकन छातीशी येतो. कितीदा चहा अंगावर सांडला. पहिले पहिले मंदा विचारायची, "काय झालं?" आणि मला सांगता यायचं नाही. आता ती विचारत नाही. माझ्या हातातला कप काढून घेते आणि वही देते, आणि मी ती पानं वाचतो.